स्थानकाचा ओटा

मराठी साहित्यिक नियतकालिकांत ग्रंथांची, नाटकांची, क्वचित चित्रांची समीक्षा होते. वास्तूंची जवळजवळ होत नाही. देऊळ किंवा चर्च असेल तर निदान त्याचा इतिहास लिहिला जातो. रेल्वेस्थानकाच्या वाट्याला मात्र वर्तमानपत्रातील तक्रारीच्या पत्रापलीकडे काही येत नाही. वस्तुतः मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात. इतक्या माणसांच्या नित्य वापरातली दुसरी कोणती रचना ह्या प्रदेशात आहे? वसई-विरारकडच्या कितीतरी कुटुंबांत तीन-तीन पिढ्यांचा दिवस फलाटावरच्या घड्याळाने बांधून दिला. तेव्हा स्थानक हे रचना म्हणून कसे आहे, आणि आत आलेल्या माणसाला ते कसे वागवते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

तो आज विचारण्याला निमित्तही आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ह्या तीन स्थानकांच्या पुनर्विकासासाठी सुमारे १०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातील ५०८ स्थानकांच्या कामांचा एकाच दिवशी शिलान्यास झाला. २२ मे २०२५ रोजी १०३ स्थानके नव्या रूपात खुली झाली. त्यांत मुंबईची चिंचपोकळी, परळ, माटुंगा आणि वडाळा रोड ही स्थानके होती. मोठ्या स्थानकांच्या योजनेत रुळांच्या वर एक प्रशस्त चौक कल्पिलेला आहे. तेथे खाण्याची दुकाने, प्रतीक्षागृहे, मुलांना खेळायला जागा आणि स्थानिक वस्तूंची विक्री असावी, शहराच्या दोन्ही बाजू त्या चौकाने जोडल्या जाव्यात, आणि स्थानक हे शहराचेच केंद्र बनावे, असा हेतू त्यात सांगितलेला आहे.

हेतू स्तुत्य आहे. परंतु माणसे जमावीत असे ज्या वास्तूला वाटते, तिने प्रथम माणसाला थांबू दिले पाहिजे. आणि तेही काही विकत न घेता. आपल्या स्थानकांना नेमके हेच जमत नाही. प्रवास न करणाऱ्याने फलाटावर पाऊल ठेवायचे तर त्याला फलाट-तिकीट काढावे लागते आणि त्याची मुदत असते दोन तास. बहिणीला गाडीत बसवून देणारा भाऊ, गावाहून येणाऱ्या आजीला घ्यायला आलेला नातू, हे सारे नियमाच्या दृष्टीने तात्पुरते सहन केलेले आगंतुक. स्थानक ह्या शब्दाच्या मुळाशी ‘स्था’ म्हणजे उभे राहणे हा धातू आहे, हे आपली स्थानके पार विसरून गेली आहेत.

थांबायला जागा असणे ही चैन आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवावी. परळ आणि त्या वेळचे एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर त्या दिवशी चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्युमुखी पडली. पूल कोसळला नव्हता, आग लागली नव्हती, गाडी घसरली नव्हती. एकाएकी जोराचा पाऊस आला. खाली उतरणारी माणसे भिजू नये म्हणून जिन्याच्या तोंडाशीच थबकली, बाहेरची माणसे आडोशासाठी आत शिरू लागली, आणि मागून गाड्यांतून उतरलेले लोक येतच राहिले. त्या दुर्घटनेनंतर चर्चा झाली ती पुलाच्या रुंदीची, आणि ती योग्यच होती. लष्कराने तेथे नवा पूल बांधला व तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. पण रुंदीइतकाच दुसरा एक प्रश्न होता आणि तो फारसा कोणी विचारला नाही. पावसात माणसाने उभे राहायचे कोठे? जिन्याच्या पायथ्याशी पाच-पन्नास माणसांना सामावील एवढी वळचण असती, तर जिना हा आडोसा झाला नसता. ज्या गिरणगावात कामगारवस्तीच्या चाळींनासुद्धा व्हरांडे होते, तेथल्या स्थानकाला वळचण नव्हती.

ह्या उणिवेचे मूळ शोधू गेल्यास आपल्या सर्वांत देखण्या स्थानकापासून आरंभ करावा लागतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांनी रचलेले व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ साली बांधायला घेतले गेले आणि १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्याचे नामकरण झाले. १९९६ साली त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच्या दगडांत मोर, माकडे, पानेफुले कोरण्यात सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ह्या वास्तूची स्तुती पुष्कळांनी केली आहे. तिची पुनरुक्ती नको. मला तिच्या मांडणीविषयी बोलायचे आहे. तिचा तो भव्य घुमट, वर प्रगतीची मूर्ती, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. आणि घुमटाखालचा तो अधांतरी भासणारा दगडी जिना. हा जिना गाडीकडे जात नाही. तो कचेऱ्यांकडे जातो. वास्तूचा सर्वांत उदात्त भाग कंपनीच्या कारभाराला दिलेला आहे. उतारू बाजूने आत शिरतो आणि बाजूनेच बाहेर पडतो. ज्या तिकीटघराला ‘स्टार चेंबर’ म्हणतात, तेथे मात्र स्टीव्हन्सने सामान्य माणसाला आपल्या वैभवाचा वाटा दिला. कमानी, रंगीत फरशी, वर ताऱ्यांचे छत. पासाच्या रांगेत उभा असलेला कारकून पाच मिनिटे का होईना, एका राजवाड्यात उभा असतो. मला वाटते, मुंबईकरांचे ह्या स्थानकावर जे प्रेम आहे त्याचे रहस्य घुमटापेक्षा ह्या तिकीटघरात अधिक आहे.

पुढच्या काळात स्थानके वाढली आणि वैभव गेले. उतारूला बाजूने आत घेण्याची रीत तेवढी राहिली. ह्याला सुखद अपवाद थोडे. चर्चगेट हे शेवटचे स्थानक असल्यामुळे तेथे पूल चढावा लागत नाही. गाडीतून उतरलेला माणूस सपाटीवरून चालत थेट दालनात येतो. ‘इंडिकेटरखाली भेटू’ हे मुंबईचे संकेतवाक्य अशा दालनामुळेच शक्य झाले. वांद्र्याचे १८८८ सालचे स्थानकही ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यात तेथे उतरणारी कुटुंबे उतरत्या छपराच्या कडेला थबकतात, पोरे मोजतात, मागे राहिलेल्या मावशीची वाट पाहतात आणि मग बसकडे वळतात. त्या दोन मिनिटांसाठी वास्तूने छप्पर पुढे काढले आहे. जत्रेचे नियोजन करणाऱ्या कोणत्याही समितीला इतकी साधी गोष्ट सुचली नसती!

स्थानकाविषयी बोलताना चार्ल्स कोरिया ह्यांच्याकडे वळणे वाचकांना आडवळणाचे वाटेल, कारण त्यांची ओळख गृहरचना आणि सार्वजनिक वास्तूंमुळे आहे. परंतु थांबलेल्या माणसाचा विचार त्यांच्याइतका बारकाईने आपल्याकडे दुसऱ्या कोणी केलेला मला आढळत नाही. गोमंतकीय मूळ असलेल्या कुटुंबात १९३० साली सिकंदराबादेत जन्मलेले आणि २०१५ साली मुंबईत निवर्तलेले कोरिया आपल्याला परिचित आहेत ते दादरच्या आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्चमुळे, म्हणजे ज्याला सारे पोर्तुगीज चर्च म्हणतात त्यामुळे. १९७० च्या दशकात त्यांनी ते नव्याने रचले. वरचे काँक्रीटचे उंच धुराड्यांसारखे आकार अनेकांना तेव्हा रुचले नव्हते, काहींना आजही रुचत नाहीत. पण त्या चर्चचा जीव आकारांत नसून जमिनीवर आहे. उघडी जागा, झाकलेली जागा, पुन्हा उघडी जागा, अशी ती एकमेकींत गुंतलेली आहे. नेमके दार कोठे संपते आणि प्रार्थनास्थळ कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. मिस्सा संपल्यावर माणसे बाहेर ‘काढली’ जात नाहीत. ती हळूहळू अंगणात येतात, तेथे रेंगाळतात, सोयरिकी आणि आजारपणे तेथेच एकमेकांना कळतात. दादर स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर ही वास्तू आहे. दोन्ही ठिकाणी मोठा समुदाय येतो आणि जातो. एका ठिकाणी समुदायाला अंगण आहे.

ह्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांचा पदपथाचा आराखडा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दादाभाई नौरोजी रस्त्यासाठी तो केला आणि पुढे १९८५ सालच्या ‘द न्यू लँडस्केप’ ह्या पुस्तकात त्याचे विवेचन केले. हा रस्ता व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दारातून निघतो. दिवसा तेथे फेरीवाले, रात्री झोपणारी माणसे. आणि त्यांच्यामधून, कधी त्यांच्या अंगावरून, वाट काढणारे पादचारी. नगरपालिकेची रीत अशी की दोघांनाही हाकलावे. कोरियांनी सुचवले ते असे: पदपथाच्या कडेने सुमारे दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच असे ओटे बांधावेत आणि ठरावीक अंतराने पाण्याचे नळ ठेवावेत. दिवसा फेरीवाल्यांनी ओट्यावर बसावे, म्हणजे कमानींखालची वाट मोकळी होईल. संध्याकाळी नळ सोडून ओटे धुऊन काढावेत आणि रात्री ज्यांना घरात जागा नाही त्यांनी तेथे निजावे. रात्री तेथे निजणाऱ्यांत नोकरीधंदा करणारी, सामान कोठेतरी एका सामायिक खोलीत ठेवून झोपण्यापुरती बाहेर येणारी माणसे पुष्कळ होती, हे त्यांनी पाहिले होते.

अर्धा मीटर उंचीचा हा ओटा म्हणजे फार मोठा विचार आहे असे माझे मत आहे. चालणारा आणि थांबणारा ह्यांच्यात वैर आहे, असे गृहीत धरूनच आपली सारी नगररचना चालते. कोरियांनी दोघांना वेगवेगळ्या पातळीवर ठेवले आणि वैर संपवले. कोणालाही हुसकावले नाही. हा आराखडा कागदावरच राहिला. आपण त्याऐवजी काय केले? स्थानकांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आकाशमार्ग उभारले. पहिला वांद्र्याला, स्थानकापासून कलानगरपर्यंत, २००८ साली. मग विरारसारख्या दूरच्या उपनगरांतही. खालच्या रस्त्याला सुधारण्याची जबाबदारी नको म्हणून माणसालाच वर उचलले. त्या लांबलचक पत्र्याखालून चालताना टेकायला कट्टा नसतो. ज्याच्या हातात पिशवी आहे त्याने ती कठड्याला टेकवून दम घ्यावा.

येथे नवी मुंबईचा विचार अपरिहार्य आहे, कारण स्थानक हेच वस्तीचे केंद्र व्हावे ही कल्पना आपल्याकडे प्रथम मोठ्या प्रमाणावर तेथे आजमावली गेली. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि आरंभीच्या वर्षांत कोरियाच तिचे प्रमुख वास्तुरचनाकार होते. मानखुर्द–वाशी मार्ग मे १९९२ मध्ये सुरू झाला. खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. पैसा असल्यामुळे आणि जमीन मोकळी असल्यामुळे स्थानके ऐसपैस झाली. फलाट रुंद, रुळांखालून जाणारे भुयारी मार्ग रुंद, वर कचेऱ्यांच्या इमारती, खाली गाळ्यांची दालने. मुंबईच्या गर्दीतून प्रथमच वाशीला किंवा बेलापूरला उतरलेल्या माणसाला केवढी मोकळीक वाटली असेल! आणि तरीही ही दालने शहराची अंगणे झाली, असे म्हणवत नाही. त्यांचे माप माणसाचे नाही. दालनाच्या मध्यभागी उभे राहिले तर पाठीला भिंत नाही, बसायला पायरी नाही, डोळ्यासमोर झाड नाही. कचेऱ्या सुटल्या की तेथे पावलांचा प्रतिध्वनी तेवढा उरतो. गंमत अशी की त्याच बेलापुरात, १९८० च्या दशकात, कोरियांनी जी वसाहत रचली तिच्यात सात-सात घरे एका लहानशा अंगणाभोवती बसवली आहेत. ते अंगण आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. एवढ्याशा जागेत बायका पापड वाळवतात, पोरे क्रिकेट खेळतात. स्थानकाच्या प्रचंड दालनाला जे साधले नाही ते ह्या चौसष्ट चौरस मीटरांना साधले. सीवूड्सला तर २०१७ साली स्थानकाच्या माथ्यावरच भलामोठा मॉल उभा राहिला. तेथे झगमगाट आहे, थंडावा आहे, खुर्च्याही आहेत; दाराशी तपासणारा पहारेकरी आहे. हातात भाजीची पाटी असलेल्या बाईने आत जावे असे कोणी तिला म्हणणार नाही, आणि तीही जाणार नाही.

ही भाजीची पाटी वाचकांच्या ओळखीची आहे. वसईची भाजी, वसईची सोनचाफ्याची आणि मोगऱ्याची फुले भल्या पहाटे गाडीने दादरला पोचत आली आहेत. दादर पश्चिमेला स्थानकालगत फुलबाजार वसला तो कोणा रचनाकाराने आखला म्हणून वसला नाही. गाडी तेथे थांबत होती म्हणून वसला. डबेवाल्यांचेही तसेच. घरोघरचे डबे गाडीने येतात आणि चर्चगेटबाहेर पदपथावर मांडून खुणांप्रमाणे पुन्हा वाटले जातात. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या ह्या व्यवस्थेला स्थानकाने एक छपरीसुद्धा देऊ केली नाही. आणि ज्यांना फलाटावर एकत्र बसायला मिळाले नाही, त्यांनी आपला समाज डब्यात उभा केला. टाळ घेऊन गाणारी भजनी मंडळे, दसऱ्याला झेंडूची तोरणे बांधलेले डबे, बायकांच्या डब्यातील हळदीकुंकू, निवडलेली भाजी, वाटून घेतलेला केक. १९९२ साली पश्चिम रेल्वेने खास स्त्रियांसाठी गाडी सुरू केली तेव्हा तिच्यातून कितीतरी जन्माच्या मैत्रिणी निघाल्या. चालत्या गाडीत, उभ्याने, एका पायावर, असा हा समाज. स्थानकात पाऊल ठेवताच तो विखरून जातो.

रेल्वेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, एरवी ही टीका आरामखुर्चीतली ठरेल. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी असतात. असा डबा फलाटावर रिकामा होतो तेव्हा थांबलेला एक माणूस दहांना अडवतो, हे खरेच आहे. पुन्हा २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र कोण विसरेल? टर्मिनसच्या दालनात सामानावर टेकून लांबच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांवरच गोळीबार झाला आणि पन्नासहून अधिक जीव गेले. वाट पाहणाऱ्यांचा घोळका सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा, हे म्हणणे तेव्हापासून बळावले. एल्फिन्स्टन रोडच्या दुर्घटनेनंतर, १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरांच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. जिन्याच्या तोंडाशी पाटी मांडू नये, ह्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

मात्र १५० मीटरांची रेघ ओढल्याने रेघेच्या आत काय असावे हे ठरत नाही. तेथे रिक्षा येतात, मोटारी उभ्या राहतात, जाहिरातीचे खांब उभे राहतात. माणूस हलवला की जागा मोकळी राहत नाही. ती दुसऱ्या कशाने तरी भरते. गर्दीला वाहते ठेवण्याचा खरा उपाय थांबणाऱ्याला बाजूला घेण्यात आहे, आणि त्यासाठी वाटेपासून सुटी अशी बाजू आखावी लागते. जिन्याच्या पायथ्याशी रुंद चौथरा, त्याला लागून पुढे आलेले छप्पर, छपराखाली कट्टा, कट्ट्याच्या टोकाला पिण्याचे पाणी, आणि स्वच्छतागृह शोधावे लागणार नाही अशा ठिकाणी. वर रुळांवर चौक बांधायचा तर त्याच्या कडेला सावली आणि तेथवर जाणारा असा चढ, की गुडघेदुखीच्या बाईला तो उद्वाहनाशिवायही चढता यावा. ह्यात नवीन काही नाही. आपल्या गावच्या पाराला हे सारे असते. दहा हजार कोटींच्या योजनेत त्याचा खर्च नजरेतही भरणार नाही. कदाचित म्हणूनच तो आराखड्यांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. सुधारलेल्या लहान स्थानकांत मला ताजा रंग, नवी कमान आणि उजळ दिवे दिसले. हे हवेच होते. बाके मात्र अशी, की तीन माणसे शेजारी बसतील पण एकमेकांकडे वळून बोलू शकणार नाहीत.

टर्मिनसच्या पुनर्विकासात स्टीव्हन्सच्या मूळ वास्तूला धक्का लागणार नाही, अशी ग्वाही आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. काळजी त्या दगडांची नाही. मूळ वास्तूने उतारूला बाजूचे दार दिले होते. नवी वास्तू त्याला दुकानांच्या ओळीतून नेणार की अंगणातून, हे अजून ठरवता येण्याजोगे आहे. दाराबाहेर दादाभाई नौरोजी रस्ता जसाच्या तसा आहे. फेरीवाले आहेत, कमानी आहेत, दमलेली माणसे आहेत. ओट्याचा आराखडा छापील पुस्तकात आहे, त्याची मापे तयार आहेत. रस्त्याच्या एका बाजूला, शंभर पावलांपुरता, तो करून पाहायला कोणती अडचण आहे हे रेल्वेने आणि महापालिकेने सांगावे. नकाशांत गाळे किती, त्यांचे क्षेत्रफळ किती आणि भाडे किती, हे नेहमी मोजलेले असते. त्याच नकाशावर फुकट टेकता येईल अशा जागा किती दाखवल्या आहेत, तेवढे एकदा कोणी मोजून छापावे.